फळ्यावरचा चंद्र आणि कापसाची जकात

आमच्या गावच्या वाचनालयाच्या ओसरीत एक काळा फळा आहे. शाळेत नवे हिरवे फळे आले तेव्हा हा अडगळीत पडला होता, तो आम्ही उचलून आणला. गेली आठ वर्षं सकाळच्या एसटीच्या आधी मी त्यावर चार ओळी लिहितो. पहिली ओळ आज कोण्या लेखकाची, कलावंताची, संताची जयंती किंवा पुण्यतिथी आहे याची. दुसरी कवितेची. तिसरीत तिथी आणि चंद्र उगवायची वेळ. चौथीत सार्वजनिक कारभारातली एखादी गोष्ट, शक्यतो प्रश्नाच्या रूपात. एसटीची वाट पाहणारी माणसं वाचतात, दुधाच्या कॅना घेऊन जाणारे सायकल थांबवून वाचतात, शाळेतली पोरं मोठ्यानं वाचतात. आठ वर्षांत त्यावरून फारसं कोणी बोललं नव्हतं. यंदा, म्हणजे २०२५ साली, पोळ्याच्या तोंडावर मात्र गावात त्या फळ्यावरून वाद पेटला आणि तो अजून विझलेला नाही.

निमित्त झालं चौथ्या ओळीचं. १९ ऑगस्टला केंद्र सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ केलं. मी तेवढंच लिहिलं आणि पुढे विचारलं, 'आपला कापूस घरात येईल तेव्हा याचा भावावर काय परिणाम होईल?' दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या कार्यकारिणीतल्या एका वडीलधाऱ्या सदस्यांनी निरोप पाठवला, की वाचनालय सरकारी अनुदानावर चालतं, तिथं राजकारण नको. त्याच संध्याकाळी पारावरच्या चार तरुणांनी उलट सुनावलं, 'गुरुजी, भावाची ओळ राहू द्या, बाकीच्या तीन पुसून टाका. शेतकरी मरून राह्यला अन् तुम्ही चंद्र काहाले लिहिता?' आता कार्यकारिणीपुढे ठराव आहे की फळ्यावर फक्त दिनविशेष आणि सुविचार लिहावेत. म्हणजे दोन्ही बाजूंचं ऐकलं असं दाखवायचं आणि फळा गुळमुळीत करून टाकायचा.

माझं मत पहिल्यांदाच सांगतो. चारही ओळी रोज, एकाच फळ्यावर, एकाखाली एक राहिल्या पाहिजेत. त्यातली कुठलीही एक काढली की उरलेल्या तीन खोट्या पडतात. मला या वादाचं दुःख आहे ते विरोध झाला म्हणून नाही. दोन्ही बाजू एकच चूक करताहेत याचं दुःख आहे. दोघांनाही वाटतं की राजकारण हे एक घर आणि कविता, कलावंत, चंद्र हे गावाबाहेरचं दुसरं घर. भांडण फक्त कोणत्या घराला कुलूप लावायचं याचं. ही मुळात दोन घरं आहेत का, हे कोणी विचारतच नाही.

विरोधकांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी मुळीच म्हणणार नाही. राजकारण गावात काय करतं ते मी पाहिलं आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत सख्खे चुलतभाऊ एकमेकांच्या घरच्या लग्नाला जात नाहीत. एका धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या एकाच बांधावरची, माणसं पाच वर्षं बोलत नाहीत. वाचनालय ही गावातली अशी एकच जागा उरली आहे की जिथं दोन्ही पार्ट्यांची माणसं एका बाकावर बसून एकच पेपर अर्धा अर्धा वाटून वाचतात. ती जागा राखली पाहिजे, या वडिलांच्या काळजीला माझा नमस्कार आहे. अनुदानाचा मुद्दाही पोकळ नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली आमच्यासारखी गावोगावची वाचनालयं मान्यता आणि अनुदानावर तगली आहेत. ग्रंथपालाचं मानधन त्यातूनच निघतं. तरुणांचा राग तर मला जास्तच जवळचा. ज्या घरात सावकाराचा माणूस येऊन बसला आहे त्या घरच्या पोराला पौर्णिमेचं कौतुक सांगणं हा निर्दयपणा होऊ शकतो. आणि तिसराही एक आक्षेप आहे, जो गावात कोणी घेतला नाही पण कवितेवर जीव असलेला माणूस घेईल: कवितेला कामाला जुंपू नका, तिला तिची ती राहू द्या. हा मला सगळ्यांत वजनदार वाटतो. त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी 'राजकारण नको, फक्त दिनविशेष' हे घेऊ. दिनविशेष म्हणजे राजकारण नसलेली गोष्ट, हे कोणी ठरवलं? यंदाची २ ऑक्टोबरची सकाळ आठवा. त्या दिवशी गांधी जयंती. त्याच दिवशी दसरा. १९५६ साली दसरा १४ ऑक्टोबरला आला होता आणि त्या दिवशी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो माणसांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, म्हणून तो धम्मचक्र प्रवर्तन दिनही. आणि नागपुरातच रेशीमबागेत राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शताब्दीचा विजयादशमी उत्सव. सेवाग्राम, दीक्षाभूमी, रेशीमबाग, सगळं आमच्या विदर्भातच, पाऊणशे किलोमीटरच्या पट्ट्यात. फक्त दिनविशेष लिहायचा तर मी त्या सकाळी काय लिहायला हवं होतं? तिन्ही लिहिलं तर राजकारण, एक लिहिलं तर मोठं राजकारण, आणि काहीच न लिहिलं तर सगळ्यांत मोठं. मी तिन्ही लिहिलं. फळ्याला कोणी दगड मारला नाही.

१ ऑगस्टचं पाहा. १९२० साली त्याच तारखेला लोकमान्य टिळक गेले आणि त्याच तारखेला अण्णाभाऊ साठे जन्मले. मी लहान होतो तेव्हा शाळेत एकच फोटो लागायचा. आज दोन लागतात. दुसरा फोटो भिंतीवर आपोआप चढला नाही. त्यामागे वस्तीवस्तीतून निघालेल्या मिरवणुका आहेत, निवेदनं आहेत, शाळेच्या दारात उभं राहून 'आमचा शाहीर कुठे आहे' असं विचारणारी माणसं आहेत. हे राजकारण नव्हतं का? आणि ते झालं नसतं तर आमच्या पोरांना अण्णाभाऊ कळले असते का? २७ फेब्रुवारीला आपण मराठी भाषा गौरव दिन करतो तोही कुसुमाग्रजांचा जन्मदिवस म्हणूनच. एका कवीचा वाढदिवस राज्यानं भाषेचा दिवस केला. निर्णय चांगलाच आहे, पण तो निर्णय आहे, आणि निर्णय कारभाराच्या खुर्चीत बसून होतात. कोणाचा जन्म लक्षात ठेवायचा हे ठरवणं म्हणजे समाजानं आपला चेहरा ठरवणं. त्याहून मोठं राजकारण कोणतं?

आता इथं कोणी म्हणेल, म्हणूनच तर जयंत्या जातीजातीत वाटल्या गेल्या. हो, गेल्या. गावात कोणत्या गल्लीत कोणता बॅनर लागेल हे आंधळाही सांगेल. पण त्यावर औषध काय? जयंत्या बंद करणं, की दुसऱ्याच्या गल्लीतला माणूस आपल्या फळ्यावर आणणं? ११ सप्टेंबर मला म्हणूनच फार आवडतो. विनोबांचा जन्म त्या तारखेचा, १८९५ चा. ते आमच्या पवनारचे झाले, 'गीताई' त्यांनी सोप्या मराठीत आणली. आणि कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, तेही ११ सप्टेंबरचेच, १९०१ साली आमच्या मूर्तिजापुरात जन्मलेले. एक ब्रह्मचारी, जमिनीसाठी देशभर पायी हिंडलेला. दुसरा प्रेमकवितेनं मराठीला वेड लावलेला. दोन्ही नावं मी एका ओळीत लिहितो आणि पोरांना सांगतो, शोधा.

अनिलांवर जरा थांबतो, कारण या वादाचं उत्तर त्यांच्या आयुष्यातच आहे. १९३२ साली त्यांचा 'फुलवात' आला. हळवी, आर्त प्रेमकविता. तरुणांच्या हिशेबानं हा माणूस तिथंच संपायला हवा, चंद्र आणि प्रेयसीत. पण १९४३ साली त्याच माणसानं दीर्घ कविता लिहिली ती 'निर्वासित चिनी मुलास' उद्देशून. वऱ्हाडातला माणूस, जपानच्या आक्रमणात घरदार गेलेल्या एका चिनी पोराशी बोलतो आहे! आपल्याकडे तेव्हा स्वातंत्र्याची चळवळ भडकलेली, युद्धाची झळ, बंगालात दुष्काळ. कोणी त्यांना विचारलं असेल का, की चीनच्या पोराचं तुम्हाला काय पडलंय? मला वाटतं प्रेमकवितेनं जो कान तयार केला त्याच कानाला ते दूरचं रडणं ऐकू आलं. कवितेचा कान तयार नसलेला माणूस राजकारणात फक्त घोषणा ऐकतो. आणि पुढे हाच कवी समाजशिक्षणाच्या कामात पडला, प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवण्याच्या कारभारात. कुठे कविता संपली आणि कुठे सार्वजनिक काम सुरू झालं, दाखवा मला रेघ.

हे काही एका अनिलांचं नाही. आमच्या मातीचाच हा स्वभाव आहे. चक्रधरांनी आणि महानुभावांनी संस्कृत बाजूला ठेवून बायाबापड्यांची मराठी धरली, रिद्धपूरला त्या भाषेचं गद्य उभं राहिलं. भाषा निवडणं हेच केवढं मोठं बंड होतं! आज त्याच रिद्धपुरात मराठी भाषेचं विद्यापीठ निघालं आहे. गाडगेबाबा शेणगावचे. त्यांच्या कीर्तनात देवाचं नाव आणि कर्ज काढून लग्न-तेरवी करण्यावरचा आसूड एकाच दमात येई, आणि तेही प्रश्न विचारून, समोरच्या शेतकऱ्याच्याच तोंडून उत्तर काढून. तुकडोजी महाराजांची खंजिरी तर इंग्रज सरकारला इतकी खुपली की १९४२ साली त्यांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. खंजिरी म्हणजे काय बंदूक होती? बेचाळीसच्या उठावात पेटलेल्या चिमूर-आष्टीच्या माणसांनी भजन ऐकलं होतं आणि त्या भजनातून जे समजायचं ते समजलं होतं. इंग्रजांना जे कळलं ते आमच्या कार्यकारिणीला कळू नये, की भजन आणि कारभार वेगळे नसतात?

आणि एवढ्या मोठ्या नावांकडे तरी कशाला जायचं? ज्या पोळ्याच्या तोंडावर वाद झाला त्या पोळ्यातच पाहा ना. आदल्या दिवशी खांदशेकणी झाली, बैलांना आवतण दिलं. २२ ऑगस्टला, अमावस्येच्या संध्याकाळी, तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या. झुली, बाशिंगं, शिंगांना बेगड. आणि मग झडत्या सुरू झाल्या. ज्यांना विदर्भाबाहेर हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, झडती म्हणजे तोरणाखाली मोठ्यानं म्हणायच्या यमकाच्या ओळी, आणि शेवटी सगळा जमाव गर्जतो. त्यात महादेव-पार्वती असतात, बैलाचं कौतुक असतं आणि सरकारही असतं, दरवर्षी, न चुकता. यंदा एक अंगठाबहाद्दर म्हातारा पुढे झाला, डोक्याचा दुपट्टा सावरला आणि म्हणाला:

बाहीरच्या कापसाले माफ झाली जकात,
आमच्या कापसाची बंडी रुतली चिखलात!
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

सारा आखर दुमदुमला. ज्या वडिलांनी मला राजकारण नको म्हणून निरोप धाडला होता, ते पहिल्या रांगेत उभे होते आणि सगळ्यांबरोबर तेही 'महादेव' म्हणाले. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना ते राजकारण वाटलंच नाही, ती झडती होती. मग फळ्यावरची ओळ खडूनं लिहिली म्हणून ती बाटते का? दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं 'इडा पिडा घेऊन जाय गे मारबत' म्हणत गल्लीगल्लीतून धावली. नागपुरात तर काळ्या मारबतीची, म्हणजे इडापिडेच्या पुतळ्याची, मिरवणूक १८८१ पासून निघते, तिच्याबरोबर बडगे, म्हणजे आणखी पुतळे, असतात आणि त्या बडग्यांवर त्या त्या वर्षीच्या महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांचा समाचार असतो. म्हणजे कविता, सण, अमावस्या आणि कारभारावरची टीका हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या एकाच दावणीला बांधत आलो. वेगळं करायला निघालो ते आत्ता, लिहायला-वाचायला शिकल्यावर.

आता चंद्र. पारावरच्या पोरांआधी एका काकांनी मला हेच जरा वेगळं विचारलं होतं, 'चंद्रानं कापसाले भाव भेटते का, गुरुजी?' मी तेव्हा गप्प राहिलो. खरं उत्तर हेच आहे की भेटत नाही. पण गेल्या दिवाळीनंतर हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस आले तेव्हा तेच काका संध्याकाळी फळ्याशी आले आणि विचारू लागले, 'आज चंद्र कवा निंघते ते पाहून सांगा. मले रातची लाइन हाय.' शेतीपंपाला थ्री-फेज काही दिवस दिवसा मिळते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी अमावस्येच्या आठवड्यात आली तर ओल्या दांडातून बॅटरीच्या उजेडात पाणी फिरवत जायचं, पायाखाली काय आहे दिसत नाही. साप तिथंच असतो. रानडुकरं असतात, काही भागात वाघ-बिबट असतो. शुक्ल पक्षातली पाळी मिळाली तर माणसाला निदान धुरा दिसतो. मला सांगा, चंद्राची ही ओळ करमणूक आहे का? ती ओळ वाचली की पुढचा प्रश्न आपोआप येतो, शेतकऱ्याला दिवसा वीज का नाही. सौर कृषी वाहिनीतून दिवसा वीज द्यायचं शासनाचं आश्वासन आहे, ते आमच्या फिडरवर कधी पोचणार? मी तिसऱ्या ओळीत चंद्रोदय लिहिला आणि चौथीत हा प्रश्न. त्या दिवशी फळ्यासमोर जेवढी गर्दी होती तेवढी कोणत्याही पुढाऱ्याच्या वाढदिवसाला मी पाहिली नाही.

चंद्र निरागस आहे ही समजूत मला तर शहरातूनच आलेली वाटते. शिवजयंती १९ फेब्रुवारीला करायची की फाल्गुन वद्य तृतीयेला, यावरून महाराष्ट्रात किती वर्षं दोन मिरवणुका निघतात! तो वाद मुळात काय आहे? कोणत्या पंचांगानं मोजायचं, चंद्राच्या की इंग्रजी कॅलेंडरच्या. २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ आठवते? सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं आणि आमच्या वाचनालयात चाळीस-पन्नास माणसं एका टीव्हीसमोर उभी राहून टाळ्या वाजवत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं का सांगू. पण बाहेर आलो तर आभाळ कोरडं होतं, सोयाबीननं माना टाकल्या होत्या. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यांत कोरडा ऑगस्ट तो. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही लिहिलं, यान उतरलं हेही आणि पाऊस किती दिवस नाही हेही. तेव्हा एकानं विचारलं, आनंदात माती का कालवता? मला कळेना, माती हा शब्द शेतकऱ्याच्या गावात वाईट कधीपासून झाला.

आणि यंदाची ७ सप्टेंबरची रात्र. भाद्रपद पौर्णिमा, म्हणजे आमच्याकडे भुलाबाई बसायचा दिवस. त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण. मुलींनी सांजेलाच भुलोजी-भुलाबाईची गाणी म्हणून घेतली, डबा हलवून खिरापत ओळखायचा खेळ झाला. मग काही पोरी घरच्यांना मनवून वाचनालयाच्या पायऱ्यांवर आल्या. दहाच्या सुमारास ढगांच्या फटीतून चंद्राची कड खाल्लेली दिसली. अकराच्या पुढे सगळा चंद्र विटकरी झाला. नववीतल्या एकीनं विचारलं, 'लाल काऊन झाला?' मी सांगितलं, पृथ्वीच्या हवेतून वाकून गेलेला उजेड त्याच्यावर पडतो, निळा विखरून जातो, तांबडा उरतो. जगातले सगळे सूर्योदय-सूर्यास्त एकाच वेळी त्याच्यावर पडले असं समज. ती बराच वेळ बोलली नाही. तेवढ्यात शेजारी बसलेल्या एका आजींनी विषय काढला. त्या मातंग समाजाच्या. म्हणाल्या, 'आमची माय गिराण लागलं की गल्लीतून ओरडत जाये, दे दान सुटे गिराण. मी तिचा पदर धरून मागं. लोकं दुरूनच टाकत जुनं लुगडं, पसाभर जवारी.' त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण त्या पोरीकडे पाहत होत्या. आभाळातला चंद्र सुटावा म्हणून जमिनीवरच्या एकाच जातीनं हात पसरायचा, ही व्यवस्था कोणी लावली? चंद्राला राहू-केतूनं गिळलं नव्हतं हे पोरीला कळलं होतं. मग त्या आजींच्या मायला कोणी गिळलं होतं?

दुसऱ्या दिवशी चौथ्या ओळीत मी हाच प्रश्न लिहिला. 'हे कशाला उकरता' असं दोघांनी म्हटलं. त्या आजी मात्र नातवाला घेऊन आल्या, त्याच्याकडून ओळ वाचून घेतली, पुन्हा एकदा वाचून घेतली आणि काही न बोलता गेल्या. अण्णाभाऊ साठे १८ जुलै १९६९ ला गेले. दोनच दिवसांनी माणसानं चंद्रावर पाऊल ठेवलं. ज्या समाजाला ग्रहणाच्या रात्री दान मागायला लावलं त्या समाजाचा तो लेखक, आणि तो गेला त्याच आठवड्यात चंद्र माणसाच्या पायाखाली आला. जुलै आला की या दोन तारखा मी शेजारी शेजारी लिहितो. याला कोणी राजकारण म्हणालं तर म्हणो.

राहिला तिसरा आक्षेप, कवितेला जुंपू नका. कवी ग्रेस नागपूरचे, १० मे १९३७ चा जन्म. त्यांच्या एका संग्रहाचं नावच 'चंद्रमाधवीचे प्रदेश'. त्यांच्या कवितेतून हमीभावाचा प्रश्न काढायला जाणारा माणूस कवितेचाही अपमान करेल आणि प्रश्नाचाही. हे मला पूर्ण मान्य आहे. पण मी जुंपत नाही. दोन ओळी एका फळ्यावर असणं वेगळं आणि एका जूखाली असणं वेगळं. १० मे ही मीरतच्या १८५७ च्या उठावाचीही तारीख आहे. मी ग्रेस लिहितो, उठाव लिहितो आणि मध्ये काहीच जोडत नाही. जोडायचं काम वाचणाऱ्याचं. कोणी जोडेल, कोणाला फक्त कविता आवडेल, कोणी एसटी आली म्हणून अर्ध्यावर निघून जाईल. कवितेला मोकळं ठेवायचा उपाय तिला वेगळ्या खोलीत कोंडणं हा नाही. उलट अशा खोलीत कोंडलेली कविता फार लवकर सुविचार होते. आणि सुविचार म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. एकदा मोबाइलवर आलेल्या दोन ओळी मी तुकडोजी महाराजांच्या नावानं लिहिल्या. संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर गुरुदेव सेवा मंडळाचे एक जुने भजनी काठी टेकत आले आणि म्हणाले, 'गुरुजी, ग्रामगीतेचे एकेचाळीसही अध्याय मले पाठ हाय. ह्या ओळी त्यात नाही.' त्यांनी माझ्या हातून पुसून घेतल्या. गोड, गुळगुळीत, कोणालाही न बोचणाऱ्या ओळी होत्या त्या. आता ठराव करून फळ्यावर नेमकं तेच आणायचं चाललं आहे.

म्हणून मला वाटतं वाद व्हायलाच हवा तर तो चौथी ओळ कशी लिहायची याचा होऊ द्या. त्यावर माझ्या काही अटी मी स्वतःच घालून घेतल्या आहेत. पक्षाचं नाव नाही, गावातल्या माणसाचं नाव नाही. निर्णय, तारीख, आकडा, आणि तोही दोन ठिकाणी पाहून. मत द्यायचं नाही, विचारायचं. चुकलं तर त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती. अनुदानाच्या भीतीलाही यातच उत्तर आहे: शासनानं स्वतः काढलेली अधिसूचना वाचनालयात लिहिली म्हणून कोणतं अनुदान जाईल? कार्यकारिणीला या अटी कमी वाटत असतील तर वाढवा, मी बसून ऐकेन. यावर कोणी बोलत नाही याचं मात्र वाईट वाटतं.

आणि पारावरच्या पोरांना एक तारीख सांगायची आहे. १९ मार्च १९८६. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्यानं बायको-लेकरांसह जीव दिला तो दिवस. दरवर्षी त्या दिवशी महाराष्ट्रात अनेक जण अन्नत्याग करतात. ही तारीख कोणत्याही छापील दिनविशेषात नसते. आमच्या फळ्यावर असते, आठ वर्षांपासून. तिच्याखाली मी कविता लिहितो आणि चंद्रही लिहितो, कारण त्या घरातही पौर्णिमा यायची, त्या लेकरांनीही ती पाहिली असेल. फक्त भाव लिहिला तर ती माणसं आकडा होतील. आकडा तर सरकारकडेही आहे.

रविवारी कार्यकारिणीची बैठक आहे. त्याआधी शनिवार येतो, ११ ऑक्टोबर. पहिली ओळ ठरलेली आहे: राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, पुण्यतिथी, १९६८. दुसऱ्या ओळीत ग्रामगीतेतली एक ओवी, यंदा त्या भजनीबुवांकडून तपासून घेतलेली. तिसरी: अश्विन वद्य पंचमी, चंद्र जेवणं आटोपल्यावर उगवेल. चौथीत सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव, क्विंटलला ५,३२८ रुपये, आणि त्यापुढे 'आज बाजारात मिळालेला भाव' असं लिहून जागा मोकळी सोडणार आहे. खडू फळ्याच्या खाचेत ठेवून देईन. संध्याकाळच्या एसटीनं यार्डातून जो पहिला परत येईल त्यानं तो भरावा.